केळीच्या रांगांचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या पोटातला पंखा फिरायला लागला की शेजारच्या खोलीतली माणसं "गिरणी सुरू झाली" म्हणतात, त्यावरून काय तो अंदाज करा. सरोवराकाठच्या टेकडीवर कायदा-मदत केंद्र आहे. त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या डोक्यावर दोऱ्यानं विणलेला एक रुमाल आहे. तो कधीकाळी पांढरा होता. माझी कहाणी काही फार सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना गोडच शेवट लागतो त्यांनी खुशाल उठून बाहेर खेळायला जावं.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काहीच आठवत नाही. आठवते ती पहिली नोकरी, एका थंड देशातल्या विमा कचेरीतली. तिथे लोकांची दुखणीखुपणी माझ्यात भरत आणि त्यावरून त्यांचा हप्ता ठरवत. कुणाचं काळीज कमजोर, कुणाला झोप येत नाही, कुणाची बायको निघून गेली, सगळं मला ठाऊक असायचं. पुढे माझ्यापेक्षा चपळ यंत्रं आली आणि मला कोपऱ्यात टाकलं. मग इतर भंगाराबरोबर जहाजात भरून इकडे पाठवलं. पाठवताना माझं पोट पुसायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

इथे मी प्रोजेस्टसच्या दुकानात येऊन पडलो. फोन विकणं, झेरॉक्स काढणं, पासपोर्टचे फोटो काढणं, असा त्याचा धंदा. त्या परक्या लोकांची दुखणी त्याला माझ्यात सापडली तेव्हा कितीतरी दिवस ती मोठ्यानं वाचून त्यानं गिऱ्हाइकांना हसवलं. कुठला कोण माणूस, त्याची मूळव्याध आमच्या बाजारात गाजत होती. प्रोजेस्टस तसा वाईट नाही. पण त्याचं पोट म्हणजे फाटकी पिशवी, त्यात काही टिकत नाही.

आमच्या गावात नवा फोन घेतला की निरोपा-फोटोंच्या त्या एका मोठ्या कंपनीचं खातं प्रोजेस्टसच उघडून देतो. पासवर्ड तोच ठरवतो आणि लक्षातही तोच ठेवतो. "मा, तुम्ही विसराल. मी आहे ना," म्हणतो. बायकांनाही बरं वाटतं. घराची किल्ली शेजारणीकडे ठेवावी, तसंच त्यांना हे वाटायचं. मा कोकुगोंझाचं खातंही त्यानं असंच माझ्यावर उघडून दिलं होतं. सगळे तिला मा कोकू म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मा कोकूचा नवरा मुटाबुझी वारला. मागे राहिली ती, लग्न होऊन लांब गेलेली लेक आणि केळीची बाग. ती बाग म्हणजे मा कोकूचं सगळं आयुष्य. प्रत्येक बुंध्याशी तिनं शेण घातलेलं, वाळलेली पानं आंथरलेली. पण मुटाबुझीचा धाकटा भाऊ इशेंगोमा म्हणू लागला, बाग कुळाची आहे, विधवेनं माहेरी जावं. इशेंगोमाचा माशांचा व्यापार. सरोवरापलीकडे म्वान्झाला त्याचं दुसरं घर होतं, पण गावी आला की तो मॅच बघायला प्रोजेस्टसच्या दुकानात बसायचा. एकदा मॅच सुरू व्हायला वेळ होता.

"वहिनीचं खातं तुझ्याकडेच ना रे?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांची माझ्याकडेच," प्रोजेस्टस अभिमानानं म्हणाला आणि मला त्याच्याकडे वळवलं.

मा कोकूनं लेकीला लिहिलेलं सगळं त्यानं शांतपणे वाचलं. ती कायदा-मदत केंद्रात गेली होती, दाद मागणार होती, नवऱ्याच्या शेवटच्या शब्दांना कोण कोण साक्षीला होतं, सगळं त्यात होतं. तिचा अर्ज पोचायच्या आधीच तो त्या साक्षीदारांच्या घरी भेटी घेऊन हिंडून आला. मग कुणालाच काही आठवेना. पहिला अर्ज असा बारगळला. दुसरा करायचा तर नवा साक्षीदार हवा होता. उरला होता एकच.

याच सुमाराला मला कसल्या कसल्या रोगांनी घेरलं. स्क्रीनवर भलतीच चित्रं उमटू लागली. प्रोजेस्टसनं मला पायरीवर काढून ठेवलं, तिथं केमिलेंबेनं मला पाहिलं. ही केंद्रात टाइपिंग करायची आणि तिथलं काहीही बिघडलं की दुरुस्तही तीच करायची. जीभ तिखट, हात मात्र हलका.

"याला नेऊन काय करणार? मेलाय तो," प्रोजेस्टस म्हणाला.

"मेला नाहीये. तुझ्या संगतीनं बिघडलाय."

तिनं मला मोटारसायकलवर मागे बांधून केंद्रात आणलं. पहिल्यांदा माझं पोट आतून स्वच्छ पुसलं. ती विम्याची दुखणी, प्रोजेस्टसच्या गिऱ्हाइकांचे पासपोर्टचे चेहरे, सगळं गेलं. मित्रांनो, इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग तिनं माझ्यात नव्या प्रणाली घातल्या. त्या कुठल्या शेटजीच्या नव्हत्या. जगभरातल्या कोण कोण माणसांनी त्या फुकट लिहिलेल्या, आणि आतली घडण सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली. कुणीही वाचावी, चूक सापडली तर दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. ज्यांची घडण उघडी त्याच प्रणाली गुपितं नीट राखतात, याची मला मोठी गंमत वाटायची. लपवलेल्या घडणीत कोण काय करतंय, ते कुणाला दिसणार?

केंद्रात मा कोकूसारख्या आणखी काही विधवा यायच्या. प्रत्येकीची बाग कुणी ना कुणी मागत होतं. केमिलेंबेनं त्यांच्या फोनमधून त्या मोठ्या कंपनीचं खातं काढायला लावलं आणि त्यांना माझ्याशी जोडलं. मा कोकूला काही ते पटकन पटलं नाही.

"म्हणजे आम्ही लिहिलेलं जातं कुठं?"

"इथं येतं. या डब्यात."

"आणि इथून?"

"इथून फक्त तू पाठवशील तिच्याकडे. बाकी कुठंच नाही."

"मग प्रोजेस्टस म्हणायचा, सगळं ढगात असतं, ते?"

केमिलेंबेनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. सरोवरावरून रोजच्यासारखे ढग येत होते. "बघ बाई, तुझा एखादा फोटो दिसतोय का त्यात. ढग कसला आलाय? दुसऱ्याचं यंत्र असतं ते. फरक एवढाच, की या यंत्राच्या मालकिणीला तू ओळखतेस आणि भांडणही करू शकतेस."

मा कोकू हसली. मग उकडून सुकवलेल्या कॉफीच्या बियांची पुडी तिनं पुढे केली. आमच्याकडे ती ज्याच्यापुढे करतात तो घरचा झाला. केमिलेंबेनं दोन बिया तोंडात टाकल्या. तिसरी मा कोकूनं माझ्यापुढे ठेवली, गंमत म्हणून. ती अजून टेबलाच्या फटीत आहे.

पासवर्ड ठरवायची वेळ आली तेव्हा केमिलेंबेनं सांगितलं, लांबलचक हवा, कुणाला सुचणार नाही असा, आणि कुठंही लिहायचा नाही. मा कोकूनं डोळे मिटले आणि बोटानं हवेत काहीतरी मोजत गेली. नंतर कळलं, ती मनातल्या मनात बागेतून चालत होती. दाराजवळून सुरुवात करून मुटाबुझीच्या थडग्यापर्यंत ज्या ज्या जातीची केळ लागते, त्यांची नावं ओळीनं घातली की झाला तिचा पासवर्ड. कुठल्या केळी आणि कुठल्या क्रमानं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही मुलं चांगली आहात, पण ते माझ्या नीतीत बसत नाही.

माझे चांगले दिवस म्हणाल तर ते हेच. बायका निरोप पाठवायच्या, मी ते पोचवायचो. बागेच्या हद्दीवरच्या झाडांचे फोटो माझ्यात ठेवायच्या. पाऊस पडून इंटरनेट संथ झालं तरी केमिलेंबे माझ्या प्रणाली अद्ययावत करत बसायची. सेनेनेच्या, म्हणजे खायच्या नाकतोड्यांच्या दिवसांत तर विचारू नका. दिव्यावर नाकतोडे झेपावायचे, एखादा माझ्या पंख्यात अडकायचा, आणि तळलेले सेनेने खाता खाता केमिलेंबे त्याच तेलकट बोटांनी माझी बटणं दाबायची. राजधानीतून एक पाहुणी आली होती. "अशा ठिकाणी असलं यंत्र चालवता तुम्ही? फोटो काढू का?" म्हणाली. "काढ की, आणि कुणाला दाखवू नकोस," केमिलेंबेनं सांगितलं. पाहुणीला ते थट्टा वाटली.

माझा रुमाल अलिस्टिडियानं विणला. बायकांत ती सगळ्यांत म्हातारी. तिची बाग फार पूर्वीच दिरांनी घेतली होती. तिला मूलबाळ नव्हतं, आता मिळवायचंही काही नव्हतं. ती येऊन बसायची इतरांसाठी. "रेडिओवर रुमाल घालतात, टीव्हीवर घालतात, यानं काय पाप केलंय?" असं म्हणून तिनं तो माझ्या डोक्यावर पसरला. मला त्या दिवशी फार भरून आलं.

आता त्या शेवटच्या साक्षीदाराचं सांगतो. ताता रुटाशोब्या हा मुटाबुझीचा सख्खा चुलता, कुळातला सगळ्यांत वडीलधारा. मुटाबुझी गेला तेव्हा उशाशी तोच होता. पण तो राहायचा इशेंगोमाच्या अंगणातल्या खोलीत, आणि दोन वेळचं ताट यायचं इशेंगोमाच्या चुलीवरून. म्हणून पहिल्या खेपेला त्याचं नावच कुणी घेतलं नव्हतं. एक दिवस डोळे दाखवायला जातो म्हणून तो टेकडी चढला आणि दवाखान्याऐवजी आमच्या खोलीत येऊन बसला. मा कोकू त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. केमिलेंबेनं त्याचं बोलणं माझ्यात उतरवून घेतलं. बोलून झाल्यावर त्यानं दोघींना बजावलं.

"सुनावणीला मी माझ्या पायानं येईन आणि सगळ्यांच्या तोंडावर सांगेन. त्याआधी मी मेलो तर हे ऐकवा. पण मी जिवंत आहे तोवर हे कुणाच्या कानावर जाता कामा नये. म्हातारा माणूस आहे मी. या वयात मला दुसरी चूल कोण देणार?"

"नाही जाणार, ताता," मा कोकू म्हणाली. तो आवाज तिच्या पासवर्डाखाली ठेवला. म्हणजे तो उघडायचा तर बागेतून चालतच जावं लागणार होतं. दुसरा अर्ज ताताचं नाव न घालताच दाखल झाला.

इशेंगोमाच्या कानावर एवढंच होतं, की काही बायका मिळून काहीतरी करतायत. कोण, ते त्याला कळेना. प्रोजेस्टसकडे बसून त्यानं खूप प्रयत्न केले, पण तिथे आता वाचायला काही उरलंच नव्हतं. मी मनातून खूश होतो. माझ्या दाराशी येऊन कुणी धडका मारल्या असत्या तरी दार उघडलं नसतं. दार मजबूत असलं की झालं, असं मला वाटायचं. मी यंत्र आहे, मला तेवढंच समजतं.

मग अलिस्टिडिया गेली. छातीत दुखलं आणि गेली. मातीच्या आधी बायका माझ्या खोलीत जमल्या.

"एका कापडात जायचं," मा कोकू म्हणाली.

केमिलेंबेनं हातातलं काम खाली ठेवलं. "आपल्या गटाला नाव नाही. पाटी नाही. का नाही?"

"माहितीये."

"मग जे कागदावरसुद्धा लिहीत नाही, ते अंगावर नेसून गावभर मिरवणार?"

"केमिलेंबे, तिच्या सासरचं कुणी येणार नाही. बिनवारशाची म्हणून पुरायचं का तिला? तिच्यामागं माणसं होती, हे दिसायला नको?"

"दिसायला नको, हेच तर मी मघापासून बोंबलतेय."

"तू यंत्राचं बोलतेस. मी मेलेल्या बाईचं बोलतेय."

केमिलेंबेनं खाली ठेवलेलं काम पुन्हा हातात घेतलं. आमच्याकडे लग्नाला आणि मातीला आपली माणसं एका कापडात उभी राहतात. ज्याच्यासाठी कुणी एक कापड घेतलं नाही, त्याचं कुणीच नव्हतं असं समजतात. बायकांनी निळ्यावर पिवळे मासे असलेलं किटेंगे कापड आणलं. शेवटी केमिलेंबेनंही त्याच कापडाचा झगा शिवला. तिला मी दोष देत नाही. अलिस्टिडियाचा रुमाल माझ्याही डोक्यावर होता.

माती छान झाली म्हणे. सगळ्या बायका एका रंगात उभ्या होत्या, रडत होत्या, गात होत्या. गावातही कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण अलिस्टिडियाचा माहेरचा एक भाचा, जो ती जिवंत असताना कधी फिरकला नव्हता, तो हातात फोन धरून आला होता. त्यानं सगळ्यांचे फोटो काढले आणि "आमची लाडकी आत्या" असं लिहून त्या मोठ्या कंपनीकडे लावून टाकले. त्या कंपनीचं यंत्र चेहरे ओळखतं. एका फोटोत ताता रुटाशोब्याही होता. त्याच्याकडे फोनसुद्धा नव्हता. पण इशेंगोमानं कधीतरी घरच्या लग्नाचा फोटो लावताना त्याच्या चेहऱ्याखाली नाव लिहिलं होतं, आणि तेवढं त्या यंत्राला पुरलं. त्यानं म्वान्झात बसलेल्या इशेंगोमाला स्वतःहून फोटो नेऊन दाखवला. हे तुमचे रुटाशोब्या आहेत का, असं विचारलंसुद्धा. त्या यंत्राला कुणाचा राग नव्हता की लोभ नव्हता. शेवटी माझ्याच जातीचं ते.

केमिलेंबेनं तो फोटो माझ्यासमोर बसून मा कोकूला दाखवला. निळ्या कापडातल्या बायका, आणि त्यांच्या मागे काठी टेकून उभा असलेला ताता. त्याच्या डोक्यावर निळी टोपी होती, पिवळ्या माशांची.

"ही टोपी त्याला कुणी दिली?"

मा कोकू फोटोतल्या टोपीवर बोट फिरवत राहिली.

"मा कोकू, मी तुला विचारतेय."

"कापड उरलं होतं," ती हळू म्हणाली. "सरोवरावरचा वारा त्याच्या डोक्याला लागतो. आणि त्याचे उपकार मी दुसऱ्या कशानं फेडणार होते?"

केमिलेंबेला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही तिनं. मग ती उठली, खिडकीशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मी पंखा फिरवत राहिलो, मला दुसरं काय येतं?

इशेंगोमा पुढच्याच बोटीनं गावी आला. भांडला नाही, आवाज चढवला नाही. "ताता, तुमच्या डोळ्यांचं आता काहीतरी करायला हवं. म्वान्झाला मोठा दवाखाना आहे," म्हणाला. टोपीचंही हसत हसत विचारलं. "मातीला वाटत होते, मी एक घेतली. फुकटची टोपी कोण सोडतो?" तातानं सांगितलं. म्हातारा पक्का होता. इशेंगोमाला संशय आला होता, पण तातानं कुणाला काही सांगितलंय की नाही, हे त्याला कळलं नाही. त्यानं ताताची पिशवी स्वतः उचलली आणि त्याला बोटीत बसवलं. सुनावणी तोंडावर आली होती.

सुनावणीला मीही गेलो. केमिलेंबेनं मला रुमालासकट मोटारसायकलवर बांधलं आणि बॅटरी स्वतःच्या मांडीवर घेतली. वॉर्डाच्या सभागृहात पंच बसले होते. अध्यक्ष एक चष्मेवाल्या बाई होत्या, चांगल्या होत्या. इशेंगोमा कोट घालून आला होता.

"आता साक्षीला डबा आणलाय का वहिनीनं?" तो म्हणाला. मागची माणसं हसली. केमिलेंबेनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मला बाकावर ठेवलं, वायर जोडली, मी सुरू झालो. पंखा एवढा ओरडला की अध्यक्षबाईंनी दचकून वर पाहिलं.

"मुटाबुझींनी बाग तुमच्या नावे सांगितली असं तुम्ही म्हणता," त्या मा कोकूला म्हणाल्या. "तेव्हा तिथे हजर होतं असं कुणी आहे?"

केमिलेंबे मा कोकूच्या कानाशी लागली. "तू नुसता पासवर्ड घाल. पुढचं मी बघते. एकदा हा आवाज सगळ्यांनी ऐकला की संपलं."

मा कोकू माझ्यासमोर येऊन बसली. तिची बोटं बटणांवर आली. पहिल्या केळीचं नाव तिनं घातलं, दुसऱ्या केळीचंही घातलं. मग ती थांबली.

"ताता आज दुपारी कुठं जेवणार आहे?" तिनं विचारलं.

"काय?"

"आज दुपारचं ताट. कुणाच्या घरी?"

केमिलेंबेनं इशेंगोमाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आत्ता ते नको ना बघूस. तुझी बाग बघ. आज हरलीस तर परत मिळायची नाही."

"तो जिवंत आहे. मी नाही म्हणून सांगितलंय त्याला."

मित्रांनो, मी तयार होतो. तो आवाज माझ्या पोटात अगदी वर होता, उरलेल्या केळींची नावं आली असती की मी सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा बोललो असतो. माझ्या साऱ्या आयुष्यात मला बोलावंसं वाटलेली ती एकच वेळ. मा कोकूनं घातलेली नावं एक एक करून पुसली आणि ती उभी राहिली.

"साक्षीदार कुणी नाही," ती म्हणाली.

"नक्की?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "हवी तर पुढची तारीख देते. पण नाव सांगावं लागेल."

"कुणी नाही."

बाग गेली.

परत येताना केमिलेंबे पूर्ण रस्ता रडत होती. टेकडी चढून वर आल्यावर तिनं मला जागेवर ठेवलं आणि मागून चालत आलेल्या मा कोकूला म्हणाली, "बाई, तुझी बाग गेली." मा कोकू म्हणाली, "हो." आणि तिनं माझा वाकडा झालेला रुमाल सारखा केला.

त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही. सगळ्या गावानं आता ते कापड पाहिलं होतं. कोण कोण गटात आहे, ते पोरासोरांनाही माहीत झालं. बायका म्हणू लागल्या, आता लपवायचं काय उरलंय? एकेक करून त्या परत त्या मोठ्या कंपनीकडे गेल्या. तिथे गाणीही येतात, नातवंडांचे फोटोही येतात. खाती प्रोजेस्टसनंच उघडून दिली. केमिलेंबेनं कुणाला अडवलं नाही. माझ्या प्रणाली अद्ययावत करणं तिनं हळूहळू सोडून दिलं. पाली माझ्यामागे अंडी घालू लागल्या. तरी तिनं मला विकलं नाही. माझ्या पोटात एक आवाज होता, आणि ज्याचा तो आवाज, तो माणूस जिवंत होता.

रीतीप्रमाणे या ठिकाणी मी तुम्हाला काहीतरी बोध करायला हवा. मला नीट सुचत नाही. स्वतःचा पासवर्ड स्वतःच ठेवा. जुनं यंत्र टाकताना त्याचं पोट पुसा, माझं कुणी पुसलं नव्हतं. उघड्या घडणीची यंत्रं चालवा, ती प्रामाणिक असतात. हे सगळं करूनही कुणीतरी तुमच्या मातीला फोन घेऊन येईलच. तेवढ्यापुरती एक विनंती आहे. दुसऱ्याचा फोटो जगाला दाखवण्याआधी त्याला विचारा. तो नुसता वाऱ्यापासून डोकं झाकायला टोपी घालून उभा असेल.

एवढं सांगून मी थांबायला हवं होतं, पण एक गोष्ट राहिली.

ताता रुटाशोब्या म्वान्झात वारला. पुरायला त्याला गावी आणलं, कुळाच्या बागेत, मुटाबुझीच्या शेजारी. म्हणजे मा कोकूच्याच बागेत, आणि ती तिथे पाहुण्यासारखी मागे उभी होती. इशेंगोमानं केळी तोडून निलगिरी लावली होती. जागा ओळखूच येईना, असं ती म्हणाली. मातीनंतर ती टेकडी चढून आमच्याकडे आली. केमिलेंबेनं तिला पाहिलं आणि आधीच म्हणाली, "अपिलाची मुदत गेली, मा कोकू."

"माहितीये. अपिलासाठी नाही आले."

केमिलेंबेनं माझ्यावरची धूळ झटकली आणि मला सुरू केलं. मला वेळ लागला, पंखा दोनदा अडकला. मा कोकू समोर बसली, तिनं डोळे मिटले आणि दारापासून चालू लागली. एक एक केळ आली. मधे कुठेच ती अडखळली नाही. त्या केळी आता जगात दुसरीकडे कुठेच उभ्या नव्हत्या. ती थडग्यापाशी पोचली आणि मी उघडलो.

ताताचा खोकला आला. मग त्याचा आवाज. मुटाबुझी माझ्यासमोर म्हणाला, बाग कोकूची. शेण तिनं घातलं, पानं तिनं आंथरली, फळ तिनंच खावं. सगळं सरळ, स्पष्ट, कुणालाही ऐकू जाईल असं. मा कोकू हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिनं कॉफीची एक बी तोंडात टाकली होती, पण ती चावत नव्हती. बोलणं संपलं तरी केमिलेंबेनं मला बंद केलं नाही, म्हणून शेवटचं जे कुणाच्याच लक्षात नव्हतं तेही ऐकू आलं.

"झालं का?" तातानं त्या दिवशी विचारलं होतं. "पोरी, हे यंत्र कुणाला सांगणार तर नाही ना?"

आणि केमिलेंबेचा आवाज, तेव्हाचा, हसरा. "नाही ताता. याला तेवढंच येतं."